रुंद पडद्यावरचा नवरदेव

इंदापुरात मी संगणकाचं दुकान चालवते, याला आता सतरा वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं बारामतीत दुसऱ्याच्या दुकानात काउंटरला उभी होते. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न संगणकाबद्दलचा नाही. "दुकानात कुणी हाय का?" हा तो प्रश्न.

मी समोरच असते. "मी हाय की," म्हणते.

"न्हाय, म्हंजे दाखवणारं कुणी?"

"मीच दाखवते. काय पाहिजे?"

मग माणूस एकदा मागच्या खोलीकडं बघतो, तिथून कुणी पुरुष बाहेर येत नाही याची खात्री करतो, आणि नाइलाजानं बोलायला लागतो. "ताई, मॉनिटर पाहिजे. मोठ्यातला मोठा."

इथून माझं खरं काम सुरू होतं. मॉनिटर म्हणजे लोकांना टीव्हीचा धाकटा भाऊ वाटतो. मोठा असला की झालं. प्रत्यक्षात मॉनिटर विकणं हे चपला विकण्यासारखं आहे. पाय कुणाचा, चालणार कुठं, हे विचारल्याशिवाय चप्पल काढून दाखवू नये. टेबल केवढं आहे, खिडकी कुठल्या बाजूला, दिवसभर कशावर काम करणार आणि मुख्य म्हणजे जोडणार कुठल्या संगणकाला, एवढं विचारलं की निम्मी निवड तिथंच होते. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं, बाई चौकश्या फार करते.

मापाचा घोळ तर ठरलेला. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बावीस इंची मॉनिटर घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी खोक्यासकट परत आले. सोबत टेप. काउंटरवर मॉनिटर ठेवून त्यांनी रुंदी मोजून दाखवली. "एकोणीस भरतोय. तीन इंच कुठं गेलं?"

मी त्यांना सांगितलं, की पडद्याचं माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं धरतात. सगळ्या कंपन्या तसंच धरतात.

त्यांनी टेप हळूहळू गुंडाळली. "ताई, आमी आयुष्यभर जमीन मोजली. शेताचं माप कर्णावर सांगितलं असतं, तर लोकांनी आमाला बांधावरच गाडलं असतं."



दुसरा घोळ उंचीचा. पूर्वीचे मॉनिटर चौकोनी पाटासारखे होते. आताचे रुंद, जेवणाच्या ताटाऐवजी केळीचं पान मांडावं तसे. रुंदी वाढली की उंची तेवढी राहील असं लोक धरून चालतात, पण इंच जवळपास तेवढेच ठेवून पडदा आडवा वाढवला की उभा कमी होतो. एका शाळेच्या क्लार्कबाईंना मी मोठ्या कौतुकानं रुंद मॉनिटर दिला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "अहो, आधी निकालाच्या यादीत चाळीस पोरं एका नजरेत दिसायची. आता तीसच दिसतात. दहा पोरं कुठं गेली?" शेवटी त्यांना फिरत्या पायाचा मॉनिटर दिला आणि तो उभा करून ठेवला. पोरं परत आली.

या दोन्ही गोष्टींत चूक कुणाची नव्हती. पुढं सांगतेय त्या गोष्टीत चूक माझी होती, आणि ती मला माहीत होती.

कुसुममावशींना इंदापुरात सगळे ओळखतात. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वधू-वर केंद्र काढलं. पिठाच्या गिरणीशेजारी एक खोली, त्यात एक टेबल, भिंतीला लागून बाकडी आणि एक जुना संगणक. मावशींचा एक नियम होता, तो त्यांनी कधी मोडला नाही. फोटो मोबाइलवर पाठवायचा नाही. "पोरीचा फोटू एकदा मोबाइलात गेला, की लगीन व्हायच्या आधी चार गावं फिरून येतो," असं त्या म्हणायच्या. ज्याला स्थळ बघायचं त्यानं केंद्रात यायचं, पडद्यावर फोटो आणि माहिती बघायची, पसंत पडलं तर पुढचं बोलायचं. या नियमामुळंच लोक आपल्या मुलींचे फोटो त्यांच्याकडं निर्धास्त ठेवायचे.

अडचण एवढीच होती, की स्थळ बघायला एकटं कुणी येत नाही. आई, बाप, चुलता, मामा, आत्या, शिवाय गाडी चालवणारा शेजारी. सातआठ माणसं त्या जुन्या छोट्या पडद्यापुढं डोकी घालून उभी राहायची. एकदा एका आजींनी गर्दीत मागून बघून पसंती दिली, आणि नंतर कळलं की त्यांनी बघितली ती पडद्यावरची मुलगी नव्हती, पुढं उभी असलेली स्वतःचीच नात होती.

तेव्हा मावशी दुकानात आल्या. "सुरेखा, मला लांबलचक पडदा दे. बाकड्यावर बसल्या जागी सगळ्यांना दिसला पाहिजे."

मी म्हटलं, "मावशी, तुमचा संगणक फार जुना आहे. तो या पडद्याच्या मापाचं चित्र पाठवू शकणार नाही. संगणकही बदलायला लागेल."

"डबा चांगला चालतोय. त्याला कशाला हात लावायचा? तू पडदा बसव."

इथं थोडं समजावून सांगते. पडद्यावर बारीक ठिपके असतात, आडवे किती आणि उभे किती हे ठरलेलं असतं. संगणकानं तेवढ्याच ठिपक्यांचं चित्र पाठवलं तर ते जसंच्या तसं दिसतं. जुना संगणक चौकोनी चित्र पाठवतो. ते रुंद पडद्यावर आलं, की दोनच मार्ग. एक, चित्र मधोमध ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडायचे. दुसरा, चित्र ताणून पडदाभर करायचं. चौकोनी चादर लांब पलंगावर ताणून घातली की तिच्यावरची फुलं जशी पसरतात, तसं मग पडद्यावरचं सगळं पसरतं. गोल होतं ते अंड्यासारखं दिसतं. माणूस तीन भागांचा चार भाग होतो.

मी मावशींच्या केंद्रात जाऊन मॉनिटर बसवला आणि चित्र मधोमध ठेवलं. बाजूला काळे पट्टे आले. मावशी लांबून बघत होत्या. जवळ आल्या.

"ह्ये काळं कशाला?"

"तेवढी जागा रिकामी राहते, मावशी. संगणक जुना आहे ना."

"अगं, लग्नाच्या कामाला लोक येत्यात. पोरीच्या फोटूला दोन्ही अंगांनी काळं? बघून कोण व्हय म्हणंल?"

मी म्हटलं, "त्याला इलाज नाही."

"मगाशी पडदा भरून दिसलं होतं की. मी बघितलं."

मावशींची नजर अशी. बसवताना क्षणभर चित्र ताणलेलं दिसलं होतं. मॉनिटरच्या खालच्या कडेला चार बारीक बटणं असतात, त्यातल्या एकानं हे बदलता येतं. मी बटण दाबलं. चित्र पडदाभर पसरलं. मावशी मागं जाऊन बाकड्यावर बसल्या आणि खूश झाल्या. "कशी सगळी भरल्यासारखी दिसत्यात. आत्ता खरा पडदा दिसला."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं, की मावशी, ही माणसं अशी नाहीत. शब्द तोंडात आलेही होते. पण मला दुपारपर्यंत बारामतीला माल आणायला जायचं होतं, मावशी खूश होत्या, आणि गिऱ्हाईक खूश असताना त्याला दुःखी करायचं बळ मला कधीच नव्हतं. मी वायर आवरली, चहा घेतला आणि निघाले.

दोनतीन महिने गेले. मावशी माउस घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "लोक लई चोखंदळ झाल्यात बघ. चांगल्या चांगल्या पोरींना नको म्हणत्यात. अंगानं जास्त हाय म्हणत्यात." मी माउसचं खोकं उघडत होते. एकदा जाऊन बघून यावं असं मनात आलं. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि मी गेले नाही. ही गोष्ट मी विनोदानं सांगत असले तरी या जागी मला हसू येत नाही. त्या मुलींची नावं तेव्हा मला माहीत नव्हती.

आणि मग अमोलचं प्रकरण झालं.

अमोल वरकुट्याचा. घरचं डाळिंब, पेरू. वय बत्तीस. कामाला वाघ, बोलायला कमी, आणि अंगानं असा, की वाऱ्यात सदरा तेवढा हलताना दिसावा. त्याच्या घरात सगळेच काटक. त्याचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, तेही तसेच. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आमच्याकडं किती अवघड झालंय, हे वेगळं सांगायला नको. आबा चार वर्षं फिरत होते. तेवढ्यात नरसिंहपूरकडच्या तात्यांनी मावशींच्या केंद्रात अमोलचा फोटो बघितला. फोटोत अमोल ट्रॅक्टरच्या बाजूला, मागच्या चाकाला टेकून उभा होता. तात्यांना मुलगा एकदम पसंत. "भरदार गडी हाय. खात्यापित्या घरचा दिसतोय," म्हणाले. त्यांची मुलगी अश्विनी लोणी देवकरच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करायची. तिनंही पडद्यावर फोटो बघून होकार दिला. आबांकडच्या मंडळींनीही येऊन तिचा फोटो बघितला. दिवस ठरला आणि आबा, अमोल, अमोलचा मामा आणि मावशी तात्यांच्या घरी गेले.

पुढचं मला मावशींनी सांगितलं. सगळे बसले. पाणी झालं, पोहे आले. तात्या मात्र बशी हातात धरून दाराकडं बघत होते. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "नवरदेव मागनं येतोय का?"

आबा म्हणाले, "ह्योच की नवरदेव. तुमच्या म्होरं बसलाय."

तात्यांनी अमोलला वरून खाली बघितलं. अमोलनं तोंडातला घास गिळला. "आमी फोटूत बघितला त्यो येगळा होता," तात्या म्हणाले.

"येगळा कसा आसंल? एकच पोरगा हाय आमाला."

"मग दोन महिन्यांत निम्मा कसा झाला?"

तात्या भांडखोर माणूस नाहीत. त्यांनी पाहुण्यांना चहा पाजला, अंगणापर्यंत सोडायला आले. पण तिथं मावशींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मावशी, पोराला काय आजार हाय? आमच्यापासनं लपवू नका."

आणि ही गोष्ट अंगणात राहिली नाही. पुढच्या आठवडे बाजारापर्यंत अमोलला काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि तो झपाट्यानं उतरलाय, असं इंदापुरात लोक बोलायला लागले. आबांच्या एका नातेवाइकामार्फत चाललेली दुसऱ्या स्थळाची बोलणी आपोआप थांबली. पेरूच्या गाडीवर माल भरताना लोक अमोलच्या हातून पोती काढून घ्यायला लागले. "राहू दे, तू बस." त्यानं काही बोलायचा प्रयत्न केला, की ते आणखी हळवे व्हायचे.

मावशी माझ्या दुकानात येऊन हे सांगत होत्या तेव्हा दुपार होती आणि मी खुर्चीत आक्रसत चालले होते. शेवटी मी विचारलं, "मावशी, अमोलचा कागदावरचा फोटो आहे का?"

त्यांच्या पिशवीत होता. आबांनी दिलेला मूळ फोटो. त्यात अमोल होता तसा होता, उसाच्या कांडीसारखा.

मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर केंद्रात गेले. संगणक लावला, तोच फोटो पडद्यावर काढला. पडद्यावरच्या अमोलला खांदे होते, पोट होतं, गाल होते. मी कागदावरचा फोटो त्याच्याशेजारी धरला.

मावशींनी दोन्हींकडं बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. मी सगळं सांगितलं. काळे पट्टे, बटण, आणि मला त्याच दिवशी माहीत असूनही मी गप्प बसले, हेसुद्धा.

मला वाटलं त्या चिडतील. त्या बाकड्यावर बसल्या आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "म्हंजे पडद्याच्या कोपऱ्यात माझा फोटू हाय, त्यो बी असाच?"

"हो."

"तरी मी म्हणते, पेन्शन मिळाल्यापास्नं मी सुटले कशी." मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "सुरेखा, त्या पोरी गं."



मग त्या उठल्या. "हे बघ, मी सांगितलं तर लोक म्हणतील, मावशी आपलं काम राखायला बोलतीय. तू बसवलंय, तूच सांगायचं. दोन्ही घरांना बोलावते."

तात्या यायला तयार नव्हते. पण अश्विनीनं सुट्टीच्या दिवशी "जाऊन तर येऊ" म्हटलं म्हणून आले. केंद्रात एका बाकड्यावर तात्या आणि अश्विनी, समोरच्या बाकड्यावर आबा आणि अमोल, टेबलाशी मावशी, आणि मी मॉनिटरपाशी, तोंडी परीक्षेला उभी राहावी तशी. शेजारी गिरणी चालू होती, त्यामुळं मला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि आपली चूक मोठ्यानं सांगायला फार जड जातं.

मी चादरीचं उदाहरण दिलं. तात्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. म्हणून मी अमोलचा फोटो लावला आणि बटण दाबलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा अमोल दोन्ही बाजूंनी आत आला आणि बारीक झाला. परत दाबलं, जाड झाला. परत दाबलं, बारीक. मला वाटलं, झालं काम.

तात्या पुढं सरसावले. "परत करा बघू."

मी परत केलं. आबाही उठून जवळ आले. "मला बी दावा." अमोल एकटाच जागेवर बसून स्वतःला जाड-बारीक होताना बघत होता.

मग तात्या म्हणाले, "ताई, तुमी एक बटण दाबून माणूस जाड करताय, एक दाबून बारीक करताय. मग खरा कंचा, ह्ये आमी कसं वळखायचं? खरा जाडच आसंल. आन आजारी पडून वाळला, म्हणून आज तुमी फोटू बी वाळवून दाखवत असाल."

हा विचार मी केलाच नव्हता. माझ्या पुराव्यानं माझंच तोंड बंद झालं. मी कागदावरचा फोटो पुढं केला. "ह्यो बी तुमीच छापला आसंल," तात्या म्हणाले, आणि ते चुकीचं बोलत होते असंही म्हणता येत नव्हतं. माझ्या दुकानात फोटो छापून मिळतात, असा बोर्डच बाहेर आहे.

आबांचा आवाज चढला. "आमी काय बोललो का? आमी बी तुमची पोरगी ह्याच पडद्यावर बघितली. चांगली जाड दिसली. घरी येऊन बघितली तर बारीक. आमी म्हणालो, कंपनीत काम करून वाळली आसंल बिचारी. आजार काढला का?"

तात्यांनी मान वळवून मुलीकडं बघितलं. हे त्यांना नवीन होतं. मी अश्विनीचा फोटो लावला. पडद्यावर एक गोलमटोल मुलगी आणि बाकड्यावर ही, शिडशिडीत. मावशींनी तोंडाला पदर लावला.

तोवर अश्विनी एक शब्द बोलली नव्हती. ती उठली आणि मला म्हणाली, "ताई, त्यांचाच लावा परत. जाड असलेला."

मी लावला. तिनं पर्स उघडून एक छोटी स्टीलची पट्टी काढली. "तात्या, हिकडं या. ट्रॅक्टरचं पुढचं चाक बघा." तिनं पट्टी पडद्याला न टेकवता धरली. "उभं साडेसहा सेंटिमीटर. आता आडवं. पावणेनऊ." मग माझ्याकडं वळली. "आता बारीक करा."

मी बटण दाबलं.

"उभं साडेसहा. आडवं साडेसहा." तिनं पट्टी वडिलांच्या हातात दिली. "तुमी मोजा."

तात्यांनी मोजलं. शेतकरी माणूस, ट्रॅक्टरचं चाक त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते बराच वेळ वाकून राहिले. "चाक तर गोलच असतंय," शेवटी स्वतःशीच म्हणाले.

"मग ज्या फोटोत चाक गोल, त्या फोटोतला माणूस खरा."

तात्यांनी पट्टी परत दिली. "ह्ये तुला आत्ता सुचलं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं. माझं कामच त्ये हाय, तात्या. दिवसभर गोल वस्तू तपासते. गोल नसलेलं गोल लगेच नजरेत येतं. तेव्हाच मी मनात धरलं, मुलगा ह्याच्या पाऊण असणार."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कुठं विचारलं? पसंत हाय का, एवढंच विचारलंत. मी व्हय म्हणले. पाहुणे घरी आले त्या दिवशी मी बोलायला गेले, तर तुमी म्हणालात, मोठी माणसं बोलत्यात, तू आत जा."

तात्या बाकड्यावर जाऊन बसले. अमोल पहिल्यांदाच बोलला. तो तात्यांशी नाही, तिच्याशी बोलला. "म्हंजे तुमी बारीक धरूनच व्हय म्हणालात?"

"व्हय."

त्यानं मान खाली घातली, पण हसू लपवता आलं नाही. आबांनी उगाच घसा साफ केला.

अश्विनीनं पुढं स्वतःच सांगितलं, "तरी पण आजाराची शंका निघालीय, तर दोघं जाऊन तपासणी करून घेऊ. त्यांची पण आणि माझी पण. म्हंजे कुणाच्या मनात राहायला नको." आबा काही बोलणार होते, पण अमोलच "चालंल" म्हणाला. आणि सगळे उठायला लागले तेव्हा ती माझ्याकडं वळली.

"ताई, तुमाला माहीत होतं ना, चित्र चुकीचं दिसतंय?"

"हो."

"आमच्याकडं असा माल पास केला, तर पुढच्या दिवशी ताकिदीचा मेमो हातात येतो."

ती रागानं नाही बोलली. एका कामगारानं दुसऱ्याला सांगावं तसं बोलली. म्हणून ते जास्त लागलं.

तपासण्या झाल्या, दोघंही ठणठणीत निघाले. लग्न वरकुट्यात झालं. तात्यांनी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चाकाची गोष्ट सांगितली, आणि त्यांच्या सांगण्यात चाक त्यांनी स्वतः ओळखलेलं होतं. अश्विनी अंतरपाटामागून ऐकत होती, तिनं दुरुस्ती केली नाही.

त्या मुलींचं काय, हे विचाराल. मावशी आणि मी वही घेऊन बसलो. नवा मॉनिटर लावल्यापासून "अंगानं जास्त" म्हणून नाकारल्या गेलेल्या सात मुली निघाल्या. त्यांची नावं आता मला पाठ आहेत. आम्ही सातही घरी गेलो. मावशी दारातच म्हणायच्या, "मी माफी मागायला आलेय, आणि हिला सोबत आणलीय, चूक हिची हाय." तिघींची लग्नं तोवर दुसरीकडं ठरली होती. दोघींना मावशींनी पुढं चांगली स्थळं दाखवली. एकीच्या आईनं आम्हाला बसायलाही सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. त्या फोटोवरून नकार आल्यावर तिच्या मुलीनं दोन महिने रात्रीचं जेवण सोडलं होतं. सातवी पुण्यात नोकरीला लागली होती. ती फोनवर म्हणाली, "काकू, त्यांनी फोटो बघून नाही म्हटलं, ते बरंच झालं. फोटोवर ठरवणारी माणसं मला नकोच होती." मी मात्र त्यावर स्वतःला माफ करून घेतलं नाही.

मावशींचा संगणक मी बदलून दिला. आता काळे पट्टे येत नाहीत आणि माणसंही आहेत तेवढीच दिसतात. मात्र बसवून झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "सुरेखा, पोरांना जरा भरदार आणि पोरींना जरा बारीक, असं एकाच वेळी करता येत न्हाय का गं?" मी नाही म्हटलं. येतं, हे त्यांना मी मरेपर्यंत सांगणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात अमोल आणि अश्विनी दुकानात आले. तिनं कारखान्यातलं काम बदललं होतं, आता सुट्या भागांचे नकाशे काढायचं काम तिला घरून करता येणार होतं. त्यासाठी रुंद मॉनिटर हवा होता. मी सवयीनं सगळ्यात चांगला खाली काढला, पुसला, चालू केला. तिनं तो बघितला आणि म्हणाली, "ताई, चांगलं काय हाय ते मला दिसतंय. ह्यात वाईट काय हाय, ते आधी सांगा."

अमोलनं स्टूल ओढून घेतलं.

मी सांगायला लागले. टेबल केवढं, विचारलं. अडीच फुटी निघालं. मग हा पडदा डोळ्यांच्या फार जवळ येईल, म्हटलं. खिडकी पश्चिमेला निघाली. मग दुपारनंतर पडद्यावर उजेड पडून नकाशाऐवजी तुम्हाला बाहेरची पेरूची बाग दिसेल, म्हटलं. लॅपटॉप आणला होता, तो तपासला. तो या मॉनिटरचे सगळे ठिपके भरू शकत नव्हता, तेही सांगितलं. वीसेक मिनिटं मी माझ्याच मालाची उणीदुणी काढत होते. अश्विनी एकेक गोष्ट डायरीत लिहून घेत होती.

सगळं ऐकून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आधी टेबल करून घेऊ, खिडकीला पडदा लावू, मग बघू, असं ठरलं. अमोलनं हात जोडले, आणि ते दोघं काहीही न घेता निघून गेले.

खरं बोलून समाधान मिळतं असं लोक म्हणतात. मी खोक्यात मॉनिटर परत भरत होते, आणि मला थोडंसं वाईटच वाटत होतं. मग बाहेरून आवाज आला, "दुकानात कुणी हाय का?" आणि मी म्हटलं, "मी हाय. टेबल केवढं हाय तुमचं?"